ज्यांचा प्रश्न, तेच बैठकीबाहेर



गेल्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट सांगते. वेचणीचे दिवस होते, म्हणून आमच्या एका गटाची बैठक रात्री आठला ठेवली होती. दिवसभर पऱ्हाटीत वाकलेल्या बाया आल्या. बोंडाची टोकं लागून बोटांना चिरा पडलेल्या, तरी बचत घेऊन आल्या. हिशेब झाला, चहा झाला. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. बोलता बोलता मी सांगून गेले की दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत कापूस गुलामांकडून वेचून घेत, आणि त्यावरून त्या देशात आपसात मोठी लढाई झाली.

एक मावशी पटकन म्हणाली, "मंग आपल्यात अन् त्यायच्यात फरक काय ताई? आपण बी लोकायच्याच वावरात येचतो." दुसरीनं विचारलं, "अन् लढाई कशासाठी झाली? कापसासाठी का माणसायसाठी?"

दोन्ही प्रश्नांना मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. पुस्तकात एकच ओळ पाठ केली होती: गुलामगिरीबद्दल उत्तर आणि दक्षिण यांची मतं वेगळी होती म्हणून यादवी युद्ध झालं. पण मतं तर आपल्या गटातही वेगळी असतात. तेवढ्यानं कुणी कुणाच्या जिवावर उठत नाही. मग तिथं काय झालं? त्यानंतर मी जे वाचलं, समजून घेतलं, ते आज तुम्हाला सांगते.

आधी पहिला प्रश्न. आपली मजुरी कमी असेल, ऊन जास्त असेल, पण वेचणीचे पैसे किलोमागे ठरतात, दर पटला नाही तर आपण दुसऱ्या वावरात जातो, आणि संध्याकाळी घरी आल्यावर लेकरं आपली असतात. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या गुलाम बाईचं यातलं काहीच तिचं नव्हतं. तिचे हात मालकाचे, दिवस मालकाचा, आणि पोटातलं मूलही मालकाचं. व्हर्जिनिया नावाच्या वसाहतीत 1662 साली कायदाच झाला की मूल आईच्या दर्जाचं धरायचं. आई गुलाम असेल तर मूल जन्मतःच गुलाम. बाप कुणीही असो, अगदी खुद्द मालक असला तरी. म्हणजे मालकानं बाईवर जबरदस्ती केली तर त्याला शिक्षा नाहीच, उलट त्याची मालमत्ता वाढायची.

आपण कर्ज काढताना तारण काय देतो? दागिना, शेताचा सातबारा. तिथं माणसं तारण ठेवत. मालक मेला, कर्जात बुडाला, की बैल-गाड्यांबरोबर माणसांचा लिलाव व्हायचा. आई एका गावाला, लेकरू दुसऱ्या गावाला.

हॅरिएट जेकब्स नावाची एक बाई होती, उत्तर कॅरोलिना राज्यातली. मालकाचा त्रास चुकवायला ती पळाली आणि आजीच्या घराच्या छपराखालच्या पोकळीत लपली. जेमतेम तीन फूट उंचीची जागा, नीट बसताही येत नसे. तिथं ती जवळजवळ सात वर्षं राहिली. एका भोकातून आपली मुलं बघायची, पण हाक मारता यायची नाही. पुढं ती उत्तरेला निसटली आणि 1861 साली तिनं आपली कहाणी स्वतः लिहून छापली. मावशी, फरक हा आहे.

आता दुसरा प्रश्न, लढाईचा.

आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं 1619 साली व्हर्जिनियात पहिल्यांदा उतरवली गेली. पुढं 1776 साली अमेरिकेनं इंग्रजांपासून स्वातंत्र्य जाहीर केलं. सगळी माणसं समान जन्मतात, असं त्या जाहीरनाम्यात लिहिलं. लिहिणारे थॉमस जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचे मालक होते. भांडणाचं बी तिथंच पडलं होतं. कागदावर एक, घरात दुसरं.

1787 साली राज्यघटना लिहायला पुढारी बसले. प्रश्न आला, संसदेत कोणत्या राज्याला किती जागा द्यायच्या? लोकसंख्येप्रमाणे. मग गुलाम मोजायचे का? दक्षिणेकडचे म्हणाले, मोजा, म्हणजे आमच्या जागा वाढतील. उत्तरेकडचे म्हणाले, मताचा हक्क तर तुम्ही त्यांना देत नाही, मग मोजायचं कशाला? शेवटी तोडगा निघाला: पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. विचार करा. ज्याला मत नाही, त्याचं डोकं मोजून त्याच्याच मालकाची ताकद वाढवली. आणि या सगळ्या चर्चेत गुलाम माणूस एकही नव्हता.

तेव्हा पुष्कळांना वाटत होतं की ही प्रथा हळूहळू आपोआप मरेल. उत्तरेकडच्या राज्यांनी ती एकेक करून बंद करायला घेतली होती. दक्षिणेतलेही कितीतरी मालक म्हणत, वाईट आहे खरं, पण काय करणार, आहे. पुढं बघू.

मग 1793 साली एली व्हिटनी नावाच्या माणसानं सरकी काढायचं यंत्र बनवलं. आपल्याला माहीत आहे, कापूस वेचणं एक आणि रुईतून सरकी काढणं दुसरं. हातानं सरकी काढायला दिवस दिवस जायचा. यंत्रानं ते काम झपाट्यानं होऊ लागलं, आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तर कितीही कापूस हवाच होता. यंत्रानं गुलामांचे कष्ट कमी झाले असतील असं वाटतं ना? झालं उलटं. सरकी पटकन निघते म्हटल्यावर मालकांनी अजून जमीन नांगराखाली आणली, अजून माणसं लावली. 1790 साली त्या देशात सुमारे सात लाख गुलाम होते. 1860 साली ते जवळजवळ चाळीस लाख झाले. बाहेरून गुलाम आणायला 1808 पासून कायद्यानं बंदी होती, तरीही. म्हणजे ही वाढ मुख्यतः बायकांच्या कुशीतून आली. जुन्या तंबाखूच्या भागातून नव्या कापसाच्या भागात सुमारे दहा लाख माणसं विकून किंवा मालकाबरोबर हलवली गेली.

1860 च्या सुमाराला त्या गुलाम माणसांची बाजारातली किंमत देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखान्यांत गुंतलेल्या पैशापेक्षा जास्त होती. आता सांगा, हे नुसतं 'मत' राहिलं का? एका बाजूच्या मतामागं खातेवही उभी होती.

आणि मतं खातेवहीमागून कशी चालतात बघा. ज्यांचे वडील 'वाईट आहे, पण काय करणार' म्हणत होते, त्यांची मुलं म्हणू लागली, 'यात वाईट काय? गुलामगिरी चांगलीच आहे, गुलामांच्याही भल्याची आहे.' दक्षिणेचे मोठे पुढारी जॉन कॅल्हून यांनी 1837 साली हे उघड संसदेत मांडलं. धर्मगुरूही वाटले गेले. बायबल एकच, पण त्यातूनच एकजण गुलामगिरी पाप ठरवी आणि दुसरा ती देवाची मर्जी ठरवी. 1840 च्या दशकात मेथडिस्ट आणि बाप्टिस्ट हे मोठे पंथ याच मुद्द्यावर उत्तर-दक्षिण असे फुटले. देश फुटायच्या पंधरा-सोळा वर्षं आधी देवळं फुटली म्हणा ना.

पण उत्तरेला सगळे साधुसंत होते असं समजू नका. उत्तरेच्या गिरण्या त्याच कापसावर चालत, न्यूयॉर्कचे सावकार त्याच मालकांना पैसे पुरवत. गुलामगिरी ताबडतोब बंद करा म्हणणारे उत्तरेतही थोडेच होते. त्यांच्या सभांवर दगड पडत, त्यांचे छापखाने मोडले जात. त्या थोड्यांत स्वतः पळून आलेले गुलाम होते, आणि बायका पुष्कळ होत्या. अँजेलिना ग्रिम्के ही तर दक्षिणेतल्या गुलाममालकाची मुलगी. घर सोडून उत्तरेला आली आणि 1838 साली मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधिमंडळाच्या समितीसमोर गुलामगिरीविरुद्ध बोलली. बाईनं चार पुरुषांसमोर भाषण करणं हेच तेव्हा लाजेचं मानत.

बायकांना मत नव्हतं, पण अर्ज करता येत होता. हजारो बायकांनी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या आणि संसदेला अर्ज पाठवले. संसदेनं काय केलं? 1836 साली नियम केला की गुलामगिरीबद्दलचे अर्ज वाचायचे नाहीत, चर्चा करायची नाही, सरळ बाजूला ठेवायचे. हा नियम 1844 पर्यंत चालला. विषय काढला नाही की भांडण होणार नाही, असा हिशेब. पण झालं असं, की ज्यांना गुलामांशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांनाही वाटायला लागलं, अरे, या मालकांसाठी आता आमचंही तोंड बांधणार का?

मधल्या काळात देश पश्चिमेकडे वाढत होता. नवीन राज्यं होत होती. प्रत्येक वेळी तोच प्रश्न, या राज्यात गुलामगिरी चालेल की नाही? 1820 साली तडजोड झाली. एक राज्य तुमचं, एक आमचं, आणि पश्चिमेच्या मोठ्या भागात नकाशावर एक रेघ मारली. रेघेच्या वर गुलामगिरी नाही, खाली चालेल. तीस वर्षं रेटलं. मेक्सिकोशी लढून आणखी मोठा मुलूख मिळाला, तेव्हा 1850 साली पुन्हा तडजोड. या वेळी दक्षिणेच्या समाधानासाठी एक कडक कायदा केला. पळून उत्तरेला आलेला गुलाम धरून परत द्यायचाच. लपवला तर हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. धरलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूनं बोलायची परवानगी नाही. आणि निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याला फी किती? माणूस गुलाम ठरवून परत पाठवला तर दहा डॉलर, सोडून दिला तर पाच.

हा कायदा शांततेसाठी केला होता. त्यानंच शांतता घालवली. तोवर उत्तरेच्या शेतकऱ्याला गुलामगिरी ही लांबची गोष्ट होती. आता ती त्याच्या दारात आली. शेजारी राहणारा, रोज दिसणारा सुतार दिवसाढवळ्या साखळीत बांधून नेताना त्याच्या बायकोनं पाहिला. 1852 साली हॅरिएट बीचर स्टो या बाईंची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी निघाली आणि पहिल्याच वर्षी अमेरिकेत तीन लाखांवर प्रती खपल्या.

दोन वर्षांनी, 1854 साली, जुनी रेघच पुसली. कॅन्सस आणि नेब्रास्का या नव्या भागातल्या लोकांनी मतं देऊन ठरवावं, असा कायदा झाला. ऐकायला किती चांगलं! पण ज्यांच्या गळ्यातल्या साखळीचा प्रश्न, त्यांना मत नव्हतंच. दोन्हीकडून लोक बंदुका घेऊन कॅन्ससमध्ये घुसले, खोटी मतदानं झाली, घरं जाळली, खून पडले. संसदेतही तेच. 1856 साली चार्ल्स सम्नर या सभासदानं कॅन्ससबद्दल कडक भाषण केलं, म्हणून दक्षिणेच्या प्रेस्टन ब्रुक्स या सभासदानं त्यांना सभागृहातच काठीनं बेशुद्ध होईपर्यंत मारलं. दक्षिणेतल्या चाहत्यांनी ब्रुक्स यांना नव्या काठ्या भेट पाठवल्या आणि पुन्हा निवडून दिलं.

आता शेवटचा उपाय राहिला, कोर्ट. ड्रेड स्कॉट आणि त्यांची बायको हॅरिएट यांनी 1846 साली दावे लावले होते. मालकानं त्यांना गुलामगिरी नसलेल्या भागात वर्षानुवर्षं ठेवलं होतं, म्हणून आम्ही मोकळे, असं त्यांचं म्हणणं. त्यांना दोन मुली होत्या. आई मोकळी ठरली तर मुलींचं भविष्य मोकळं. अकरा वर्षं खटला चालला. 1857 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की काळा माणूस या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही, म्हणून त्याला दावा लावायचा हक्क नाही, आणि पश्चिमेच्या प्रदेशांत गुलामगिरी बंद करायचा अधिकार संसदेलाही नाही. म्हणजे अर्ज बंद, तडजोड बंद, कोर्टही बंद. बोलायच्या सगळ्या वाटा बुजवल्या की माणसं हत्यार शोधतात. 1859 साली जॉन ब्राऊन या गोऱ्या माणसानं गुलामांना हत्यारं मिळावीत म्हणून सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला. त्याला फाशी झाली. उत्तरेत पुष्कळांनी त्याला हुतात्मा म्हटलं. दक्षिण घाबरली.

1860 साली अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष निवडून आले. ते म्हणत होते एवढंच, की नव्या भागात गुलामगिरी वाढू देणार नाही. जिथं आहे तिथं हात लावणार नाही, हे त्यांनी पुनःपुन्हा सांगितलं. तरी दक्षिणेची राज्यं बाहेर पडू लागली. आधी साऊथ कॅरोलिना, मग एकेक करत अकरा. आज काही जण म्हणतात, भांडण राज्यांच्या हक्काचं होतं. पण बाहेर पडताना त्या राज्यांनी स्वतःच्या ठरावांत कारण लिहून ठेवलं आहे, गुलामगिरी. आणि पळालेले गुलाम धरायला हीच राज्यं केंद्र सरकारची ताकद मागत होती, तेव्हा उत्तरेच्या राज्यांचे हक्क कुठं गेले होते?

12 एप्रिल 1861 ला दक्षिणेच्या तोफांनी फोर्ट सम्टर किल्ल्यावर मारा केला आणि युद्ध सुरू झालं. चार वर्षं चाललं. सहा ते साडेसात लाख माणसं मेली.

उत्तरेनं युद्ध सुरू केलं देश एक ठेवायला, गुलाम सोडवायला नव्हे. ते बदललं कुणी? गुलामांनीच. युद्धाला दोन महिनेही झाले नव्हते, तोच तीन गुलाम रातोरात पळून उत्तरेच्या मन्रो किल्ल्यावर आले. मालकाचा माणूस मागायला आला, की कायद्यानं परत द्या. तिथले सेनापती म्हणाले, तुम्ही तर आमचा देश सोडलात, मग आमचा कायदा तुम्हाला कसा लागू? मग शेकडो आले, पुढं लाखो. बाया लेकरं कडेवर घेऊन, गाठोडी डोक्यावर घेऊन आल्या. 1 जानेवारी 1863 ला लिंकननी बंडखोर भागातले गुलाम मुक्त झाल्याचं जाहीर केलं. सुमारे 1 लाख 80 हजार काळे शिपाई उत्तरेच्या फौजेत लढले. हॅरिएट टबमन, जी स्वतः गुलामीतून पळाली होती आणि पुन्हा पुन्हा मागं जाऊन सुमारे सत्तर जणांना सोडवून आणलं होतं, तिनं जून 1863 मध्ये कॉम्बाही नदीवर फौजेला वाट दाखवली आणि एका रात्रीत सातशेवर माणसं मोकळी झाली. 1865 च्या डिसेंबरात घटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी संपली. लिंकन ते बघायला नव्हते. एप्रिलमध्येच त्यांचा खून झाला होता.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: लढाई लावली कापसाच्या पैशानं, आणि तिला माणसांची लढाई केली त्या माणसांनीच.

मैत्रिणींनो, हे युद्ध आपल्या वावरापर्यंतही आलं होतं. दक्षिणेची बंदरं अडवल्यावर इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग मुंबईकडे मागणी आली. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, मुंबईचे व्यापारी गबर झाले. 1865 ला युद्ध थांबलं, भाव कोसळला, मुंबईच्या पेढ्या बुडाल्या. शेतकऱ्यांनी चढत्या भावाच्या भरवशावर कर्जं काढली होती, ती अंगावर राहिली. दहा वर्षांनी, 1875 साली, पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्या कर्जाच्या कारणांत हा पडलेला कापूसही होता. तिकडे अमेरिकेत मोकळ्या झालेल्या माणसांना जमीन दिलीच नाही. ती जुन्या मालकाच्याच शेतात बटाईनं राबली आणि दुकानाच्या उधारीत अडकली. साखळी गेली, वही राहिली.

आणि महात्मा फुले यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक काढलं, ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. आपल्या देशातले लोकही त्यापासून धडा घेतील, अशी आशा त्यांनी तिथं लिहून ठेवली. बोट चालायला आठवडे लागत त्या काळी, पण पुण्यातल्या माणसाला कळलं होतं की तो प्रश्न आपलाही आहे.

शेवटी त्या रात्रीचं एक राहिलेलं सांगते. त्या बैठकीत आमच्या गटातल्या एका विधवा बाईच्या थकलेल्या हप्त्याचा विषय होता. ती आली नव्हती. कुणी म्हणालं नाव काढा, कुणी म्हणालं दंड लावा, आणि नेहमीप्रमाणे ठरलं, पुढच्या बैठकीत बघू. तिसऱ्यांदा. वहीत ते मीच लिहिलं. गुलामीशी त्याची बरोबरी मी करत नाही, ती कशाशीच होत नाही. पण तिच्याबद्दल तीनदा बोललो आणि तिला एकदाही विचारलं नाही, हे मला हा इतिहास वाचताना टोचलं. पुढच्या बैठकीआधी मी तिच्या घरी गेले. वेचणीची मजुरी तिला आठ आठ दिवसांनी मिळत होती आणि आमचा हप्ता त्याच्या आदल्या दिवशी असायचा. एवढंच होतं. तारीख बदलली. ती आता येते.

तुमच्या गटाच्या वहीत 'पुढच्या बैठकीत बघू' असं कुणाच्या नावापुढं लिहिलंय, ते या महिन्यात एकदा उघडून बघा. आणि ती बैठकीला का येत नाही, ते तिच्याच तोंडून ऐका.